पाणमांजराची घसरगुंडी

नदीकाठी माणसं राहायला यायच्या आधीची गोष्ट. पाणमांजराने काठाच्या उतारावर चिखलाची घसरगुंडी केली. प्राण्यांची झुंबड उडाली. पण घसरगुंडीच्या मधोमध एक टोकदार दगड होता. सशाची पाठ सोलली, खारीचं शेपूट फाटलं. "आधी तो दगड काढ," सगळे ओरडले.

"तुमची सूचना मोलाची आहे," पाणमांजर गोड हसलं आणि त्याने बेडकांकरवी दवंडी पिटवली, "लवकरच येतेय, दुप्पट लांब घसरगुंडी!" झालं, सगळे दगड विसरून नाचू लागले.

उद्घाटनाला पाहतात तर नवी घसरगुंडी जुनीच्याच टोकाला जोडलेली, आणि दगड जागच्या जागी.

ससा भडकला. "आमच्या पाठी काय लाकडाच्या आहेत? आज पहिला तू घसर!"

पाणमांजराने दगडाकडे पाहिलं आणि ते पायवाटेने खाली उतरलं.