तळवाडीच्या घाटावरची ओंजळ

गेल्या साली माझी पाळी आली, त्या सकाळी धुकं असं बसलं होतं की ओढ्याचा पलीकडचा काठ दिसेना. वारा नव्हता. पानांवरचं दहिवर तेवढं टपटपत होतं. तुम्ही उभे आहात तिथंच, तळवाडीच्या या घाटाच्या शेवटच्या पायरीवर मी उभा होतो. वर वळणावर ओढ्यात आडवे काळे दगड दिसतात ना, तो फुटका बंधारा. तो कुणी पुन्हा बांधत नाही, त्यातला दगड कुणी घरालाही नेत नाही. त्याला कारण आहे.

फार मागे आमच्या वरवाडीत घरोघरी दोर वळायचे म्हणे. अंबाडी कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि बंधाऱ्याच्या पाण्यात धोंड्याखाली दाबून कुजवायच्या. मग साल सुटते, दोर वळायचा धागा म्हणजे वाख निघतो. पण तोवर पाणी काळं पडतं, त्याला मेल्या जनावराचा वास येतो. ते पाणी वाहत इथं खाली यायचं. आमचे म्हातारे सांगायचे, वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, सात दगडांवरून गेलं की ते निवळतं. पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले, आणि अंबाडी थोडी होती तोवर ते खपूनही गेलं.

एका साली पाऊस कमी झाला. ओढा करंगळीएवढा उरला, आणि पेंढ्या मात्र दरसालाएवढ्याच पडल्या. आधी दगडांखालचे झिंगे मेले. मग वासरं पोट फुगून पडली. मग माणसांना हगवण लागली. आठ दिवसांत तळवाडीनं नऊ मुडदे उचलले, त्यात ठकूची दोन्ही लेकरं होती. ठकू म्हणजे वरवाडीच्या सिदोबाची लेक, तळवाडीच्या रखमाजीला दिलेली. आणि बंधारा सिदोबाच्याच शब्दावर चालायचा.

ती घागर भरून बापाच्या दारात गेली. म्हणाली, "बाबा, हे आमचं पाणी. एक घोट घ्या, नाहीतर पेंढ्या काढा."

सिदोबा म्हणाला, "दुःखानं तुझं डोकं फिरलंय, पोरी. सात दगडांवरून येतंय ते." आणि घागर त्यानं अंगणात उपडी केली, असं सांगतात. प्याला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता तळवाडीचे गडी कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन वर चढले आणि बंधारा फोडू लागले. वरवाडीचे विळे घेऊन धावले. कमरेएवढ्या काळ्या पाण्यात झुंपली. एकाचा हात कोपरापासून तुटून पेंढ्यांवर पडला. दोघं एकमेकांची मानगूट धरून बुडाले ते तसेच वर आले, बोटं सुटेनात. कुणाचं डोकं धोंड्यावर आपटलं, कुणाचं पोट विळ्यानं उघडलं. ज्यांनी एका पंगतीत लग्नं जेवली होती तेच हे लोक. सांगताना मला आजही जड जातं, पण गाळून सांगायचं नाही अशी आमची रीत आहे.

एक गडी पाठमोरा वाकून पहारीनं दगड उचकटत होता. सिदोबानं त्याच्या मानेत कुऱ्हाड घातली. गडी उलथा पडला तेव्हा तोंड दिसलं. तो रखमाजी होता, त्याचा जावई.

ठकू खालून आली. तिनं हंबरडा फोडला नाही. ती पुन्हा खाली या पायरीवर उतरली, वरून येत होतं तेच पाणी तिनं घागरीत भरलं, काळ्यात तांबडं मिसळलेलं, आणि बापापुढं नेऊन ठेवलं. म्हणाली, "सात दगड झाले, बाबा. आता प्या."

तेव्हा कुठं हात थांबले म्हणे. सिदोबानं घागर तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत. मग तो या घाटावर येऊन बसला आणि आठ दिवस याच पाण्यावर राहिला. ठकू त्याच्या शेजारी बसून होती. आठव्या दिवशी, आतडी पिळवटत असताना, त्यानं वरवाडीला बोलावून शपथ घातली. अंबाडी ओढ्यात घालायची नाही. वर माळावर कुंडं खणायची आणि त्यांचं पाणी ओढ्याला मिळू द्यायचं नाही. आणि पेंढ्या बुडवल्यापासून आठव्या दिवशी वरवाडीच्या एकानं इथं येऊन ओंजळभर प्यायचं, तळवाडीसमोर.

आजही तसंच चालतं. आधी तळवाडीचा माणूस पाण्यातला दगड उलटतो. खाली झिंगे वळवळले म्हणजे पाणी जितं आहे. झिंगे नसले तरी वरवाडीच्यानं प्यायचंच, आणि काय होईल ते भोगायचं.

गेल्या साली दगड उलटला माझ्या बांधाला बांध असलेल्या तळवाडीच्या गंगारामनं. खाली काही नव्हतं. त्यानं दुसरा उलटला, तिसरा उलटला. माझ्याच कुंडाची कड घुशींनी पोखरली होती आणि पाणी झिरपत ओढ्यात उतरलं होतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हाही सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. मागं कुणाच्या तरी खांद्यावर कुऱ्हाड होती. लाकडं तोडायलाच आणली असेल, पण मला ती दिसली. सत्तरी उलटलेला मी वाकलो आणि ओंजळ भरली. ओंजळ ओठाला लागणार तोच गंगारामनं माझं मनगट धरलं आणि म्हणाला,

"सांडा ते, आबा. एक सिदोबा पुरे झाला. चला, आपण दोघं वर जाऊन बघू, कुठून येतंय."