कुमुदिनी सामंतची कादंबरी

"मग मी काय केलं इतकी वर्षं, आक्का?"

हेरंबनं नवी कोरी कादंबरी झोपाळ्यावर आपटली. आचरा गावातल्या आक्कांच्या घरात कुणी आवाज चढवत नसे. आक्का मोठ्या कादंबरीकार. दृष्टी गेल्यापासून लिहिणं थांबलं होतं, शिकवणं नाही. हेरंब त्यांचा सगळ्यांत जुना शिष्य.

"आधी बस."

तो बसला नाही.

"ही कुमुदिनी सामंत! उमेदीची वर्षं वेधशाळेत हवामानाचे नकाशे काढत बसली. मग नोकरी सोडली आणि नाटकाच्या दौऱ्यांवर रंगभूषा करत हिंडली. साठीला टेकल्यावर बाईंना कादंबरी सुचली. आणि तुम्ही तिला प्रस्तावना दिलीत! माझ्या एकाही पुस्तकाला..."



"वाईट आहे का पुस्तक?"

"ठिकठिकाणी कच्चं आहे."

"सगळ्यांत कच्चं पान वाच."

हेरंबनं भराभर पानं उलटली आणि नाटकी आवाजात वाचायला लागला.

दौऱ्यावरची एक रंगभूषाकार. तिला हवी असलेली भूमिका दुसरीला मिळालेली. त्या दुसरीचाच चेहरा रंगवताना ती मुद्दाम एक भुवई किंचित वाकडी काढते. मग विंगेत उभी राहून प्रयोगभर वाट बघते, कुणाच्या तरी लक्षात येईल. कुणाच्याच येत नाही. नटीला टाळ्या पडतात, आणि आत येऊन ती हिलाच मिठी मारते.

हेरंबचा आवाज हळूहळू उतरत गेला. पान संपलं तरी तो वाचत राहिला.

मग थांबला.

"कच्चं कुठे होतं?" आक्कांनी विचारलं.



तो खाली जमिनीवरच बसला.

"पुस्तक आलं त्या दिवशी मी कुमुदिनीकडे पेढे घेऊन गेलो होतो, आक्का. हसलो. तोंडभर कौतुक केलं. आणि जिना उतरताना मनात म्हटलं... हिचं पुढचं पुस्तक साफ पडू दे."

"हे कुठे लिहिलंस?"

"हे? हे कसं लिहिणार? लोक लगेच ओळखतील, हा मीच म्हणून."

आक्कांनी हात पुढे केला. चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि हात तिथेच राहू दिला.

"तीही असंच म्हणाली होती."