गोमुक्तीचा मसुदा

सोनवडी संस्थानच्या दिवाणसाहेबांना आपल्या घोड्यांसाठी गावचं गायरान हवं होतं. कुंपण तर दरबाराच्या आदल्याच दिवशी घातलेलं! कायदा लिहिणारे यमाजीपंत मात्र कावले होते. ‘बंदी’ म्हणू नका, गोड लिहा, असं म्हणत दिवाणांनी पाच मसुदे फाडले आणि सहावा स्वतःच सांगितला.

दरबारात पंतांनी तो वाचला, “गोमुक्ती कायदा. ज्याअर्थी गाई चरून दमतात, त्याअर्थी त्यांना गायरानातून मुक्त करण्यात येत आहे.”

“महाराज, मुक्तीला कोण नको म्हणेल?” दिवाण म्हणाले.

पंतांनी लगेच दुसरा कागद काढला. “दिवाणमुक्ती कायदा. ज्याअर्थी दिवाणसाहेब राबून दमले, त्याअर्थी त्यांना पदातून मुक्त करण्यात येत आहे.”

“ही कसली मुक्ती? ही तर हकालपट्टी!” दिवाण किंचाळले.

“अहो,” पंत म्हणाले, “मग कालपासून कुंपणाबाहेर गाई दुसरं काय हंबरतायत?”