कडी कोणी लावली?

“म्हणजे दार सताड उघडं ठेव, असंच म्हणणार ना तुम्ही?” पाहुण्याने विचारलं.

माई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी अजून काहीच म्हटलं नाही.”

“पण म्हणाल. साधुसंत तेच म्हणतात. सगळे आपलेच, सगळ्यांना येऊ द्या.”

“इथे माकडं आहेत,” माई म्हणाल्या. “दार उघडं राहिलं तर चुलीवर भांडंसुद्धा उरायचं नाही.”

या उत्तराची तयारी करून पाहुणा आला नव्हता.

त्याचं नाव सौमित्र घैसास. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत संगणकांची सुरक्षा त्याच्या हातात. त्याची मावशी पूर्वी आमच्या या डोंगरावरच्या लहानशा मठात माईंकडे यायची. तिनेच त्याला धाडलं होतं, कारण त्याची झोप उडाली होती. तो मात्र ‘सहज आलो’ म्हणाला. भर उन्हात अख्खा डोंगर चढून कोणी सहज येत नाही, एवढं मला इथे भाकरी थापता थापता कळायला लागलंय.

“बरं, सांग,” माई म्हणाल्या. “काय बंद केलंस तू?”

त्याने सांगितलं. कंपनीने माणसांना लॅपटॉप दिलेत. ते घेऊन माणसं गावोगाव हिंडतात आणि जिथे फुकटचं वायफाय दिसेल तिथे जोडून मोकळी होतात. हॉटेलात, स्टेशनवर, चहाच्या दुकानात. अशाच एका हॉटेलातल्या वायफायवरून कंपनीच्या एका गिऱ्हाइकाची कागदपत्रं चोरीला गेली. तेव्हा घैसासने नियम केला. कंपनीचा लॅपटॉप फक्त कंपनीच्याच वायफायला जोडला जाईल. बाकी कुठलंही त्याला दिसणारसुद्धा नाही.

“चांगलं केलंस,” माई म्हणाल्या.

“…चांगलं?”

“चोर येत असतील तर दार लावावंच.”

घैसास खुलला. इतका वेळ तो पाय आखडून बसला होता, आता ऐसपैस मांडी घातली.

“हेच मी सगळ्यांना सांगतोय! पण लोकांना शिस्त नको असते. आता या वृंदाचंच घ्या.”

“कोण वृंदा?”

वृंदा खरमाटे त्याच्या कंपनीत टेंडरं भरायचं काम करते. मागच्या शनिवारी ती नगरला एका दवाखान्यात होती. वडिलांचं ऑपरेशन होतं. नेमकी त्याच संध्याकाळी एका मोठ्या टेंडरची मुदत संपत होती. दवाखान्याचं वायफाय होतं, पण लॅपटॉप ते घेईना.

“मग तिने काय केलं असेल?” घैसासचा आवाज चढला. “स्वतःच्या मोबाईलच्या वायफायला आमच्या ऑफिसच्या वायफायचं नाव दिलं! पासवर्डही तोच. लॅपटॉपला वाटलं, आपण ऑफिसात आलो. झाला सुरू.”

माई पहिल्यांदा हसल्या.

“नुसतं नाव ऐकून?”

“…हो. नावावरूनच ओळखतो तो.” हे सांगायला त्याला फारसं आवडलं नसावं. “पण मुद्दा तो नाही.”

“टेंडर पोचलं का?”

“पोचलं. मिळालंसुद्धा. पण मुद्दा तोही नाही, माई. आज तिने नियमाला फसवलं, उद्या चोर त्याच वाटेने येईल. तिला ठेवायचं की काढायचं, हे सोमवारी मला वर सांगायचंय. माझ्या शब्दावर आहे सगळं.”

“वडील कसे आहेत तिचे?”

“…कल्पना नाही.”

माईंनी लसणाची पाकळी नखाने सोलली.

“आधी तिने कोणाला विचारलं नाही?”

“नियम सगळ्यांना माहीत आहे.”

“विचारलं नाही?”

“…फोन आला होता. मला.”

“मग?”

“शनिवार होता.”

…

चुलीत लाकूड तडकलं. मी पिठलं हाटत होतो, पण लक्ष सगळं तिकडेच. दवाखान्याच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली ती पोर मला डोळ्यांपुढे दिसली आणि वाईट वाटलं. खरं सांगायचं तर पाहुण्याचा रागही आला.

“माझं चुकलं असेल तर तसं सांगा,” तो म्हणाला. “पण नियम मी मागे घेणार नाही.”

“नकोच घेऊस,” माई म्हणाल्या. “आधी ऊठ आणि आपलं दार लाव. माकडांची वेळ झाली.”

घैसास उठला. मठाचं दार जुनं, सागवानी. त्याने ते ओढून घेतलं, कडी घातली, वर अडसरही सरकवला. दोनदा हलवून पाहिलं. मग हात झटकत परत येऊन चुलीजवळ बसला.

“आता कोणाची आत यायची बिशाद नाही,” तो म्हणाला.

मी काही सांगायला तोंड उघडलं. माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पिठल्यात डाव घातला.

थोड्या वेळाने दार वाजलं.

“माई! ओ माई!”

मी आवाज ओळखला. खालच्या वाडीतल्या गिरजाबाई. दुपारच्या जेवणाला त्या आमच्यासाठी ताक घेऊन येतात.

घैसासने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

“कोणीतरी आलंय,” तो म्हणाला.

“आलंय खरं,” माई म्हणाल्या.

दार पुन्हा वाजलं. या वेळी जोरात.

“या कामाला तुमच्याकडे कोणी नाही का?”

माईंनी लसणाची पुढची पाकळी उचलली.

“अहो, तुम्ही तरी बघा जरा,” त्याने मला म्हटलं.

“भाकरी करपेल,” मी म्हणालो. तव्यावर भाकरी नव्हतीच. मला आतून चुटपुट लागली होती, पण माईंपुढे माझं काय चालणार?

पाहुण्याने स्वतः उठावं, हे काही त्याच्या मनातही आलं नाही. दार आणखी दोन-चारदा वाजलं आणि थांबलं.

“गेल्या वाटतं,” घैसास म्हणाला आणि त्याने सुस्कारा सोडला. नको असलेला फोन वाजायचा थांबला की माणूस असाच सुस्कारा सोडतो.

माईंनी सोललेला लसूण माझ्याकडे सरकवला.

…

मागच्या परसातून दगड गडगडल्याचा आवाज आला.

पाठोपाठ गिरजाबाई आल्या. डोक्यावर ताकाची किटली, केसांत वाळकी पानं, लुगड्याला माती.

“आवं, हाय का न्हाई कुणी आत? हाका मारून मारून घसा बसला माझा!”

त्यांच्या मागे परसाकडच्या, कौलांपर्यंत नुसते दगड रचलेल्या भिंतीला चांगलं माणूसभर भगदाड पडलं होतं. त्या भगदाडात एक वानर येऊन बसलं. त्याने आत डोकावून पाहिलं, मागे वळून पाहिलं, आणि मग सगळी टोळीच आत आली.

पुढे जे झालं ते सांगत बसत नाही. भाकऱ्यांची दुरडी गेली. ओल्या भुईमुगाची टोपली गेली. घैसासच्या बॅगेतून एका थोराड वानराने पेढ्यांचा खोका काढला आणि सरळ कौलांवर जाऊन बसलं. लॅपटॉपला हात लावला नाही. त्यात त्याला रस नव्हता.

मी फुकणी घेऊन धावलो, गिरजाबाई शिव्या देत धावल्या. माई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. पिठल्याच्या कढईवर परात उपडी घालून, परातीवर हात ठेवून बसल्या.

सगळं शांत झालं तेव्हा घैसास धापा टाकत गिरजाबाईंकडे वळला.

“आजी, भिंत का पाडलीत तुम्ही? सरळ दारातून यायचं ना!”

“दारातूनच येत व्हते की, बाबा. किती येळ वाजिवलं! ह्या उन्हात ताक घिऊन उभी ऱ्हाऊ किती?”

घैसासने भगदाडाकडे पाहिलं.

मग दाराकडे पाहिलं.

कडी जागच्या जागी होती, अडसरही. दाराला कसलाही धक्का लागला नव्हता.

“माई,” तो म्हणाला. आवाज उतरला होता. “तुम्हाला ऐकू येत होतं. यांनाही येत होतं. मग उघडलं का नाही कोणी?”

“कडी कोणी लावली?”

“…मी.”

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. दार कोणीही लावावं, पण ज्याने लावलं त्याने दाराशीच बसायचं. वाजलं की त्यानेच उठायचं. माणूस असेल तर आत घ्यायचं, माकड असेल तर हाकलायचं. त्याच्या कडीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. माईंचे गुरू होते तेव्हा ते दाराशी बसायचे आणि आत त्यांची गादी रिकामी असायची. माईंचं अंथरूणही दाराशीच असतं. नवीन माणसाला त्या राखणदार वाटतात आणि तो त्यांनाच विचारतो, ‘माई कुठे आहेत?’

हे मी घैसासला सांगितलं.

“आधी सांगायचं होतंत,” तो म्हणाला.

“आधी सांगितलं असतं,” माई म्हणाल्या, “तर तू त्याचाही नियम केला असतास.”

घैसास हसला नाही. बाह्या वर केल्या आणि परसात गेला. एकेक दगड उचलून भिंतीत बसवायला लागला. दगड बसवायची सवय नव्हती, बसवलेला पुन्हा निसटायचा. गिरजाबाईंना त्याची दया आली असावी. त्या जवळ जाऊन दाखवायला लागल्या.

“ह्यो बी हालतोय बघ. त्यो खालचा बी.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी ह्याच वाटंनं येते की. कुणी नवखं कडी लावून आत बसलं म्हंजी.”

त्याचा हात थांबला. तो गिरजाबाईंकडे बघत राहिला. मग त्याने त्यांना सगळी भिंत दाखवायला सांगितली. टोकापासून टोकापर्यंत दोघं फिरले. गिरजाबाई बोट दाखवत गेल्या, तो दगड ठोकत गेला.

आत आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाची रया गेली होती. कोणी काही सांगितलं नाही. त्याने कोपऱ्यातलं घोंगडं उचललं, दाराशी नेऊन अंथरलं आणि कडीखाली जाऊन बसला.

आमच्या मठात मोबाईलला रेंज फक्त उंबऱ्याशी येते. त्याचा फोन साठलेल्या मेसेजांनी खिशात टुणटुण वाजायला लागला. त्याने तो काढला, बराच वेळ हातात धरून ठेवला…

मग एक नंबर लावला.

“वृंदा? घैसास बोलतोय. …नाही, ऑफिसचं नंतर. बाबा कसे आहेत?”

आम्हाला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मी भाकरीचं पीठ पुन्हा मळायला घेतलं होतं, तरी कान दारालाच.

“चालायला लागले? वा. …वा.”

“…”

“हो, शनिवारी तुझा फोन आलेला मी पाहिला होता. पाहून ठेवून दिला. चुकलं माझं.”

“…”

“नाही, तू केलंस तसं पुन्हा करायचं नाही. नियम राहणार. नुसत्या नावावर आत घेणं मी आता बंद करतोय. पण बाहेर अडकलेल्या माणसासाठी एक सुरक्षित वाट काढतोय. तीही चालली नाही तर मला फोन करायचा. वार बघायचा नाही.”

“…”

“नोकरी? सोमवारी ये. नाही, सोमवारी नको, बाबांना घरी आण आणि मग ये. माझ्या भिंतीतले सैल दगड तुला माहीत आहेत. सगळे दाखव मला.”

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. पण घैसास हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं की माझ्या हातची भाकरी जरा जास्तच मोठी झाली.

पानं मांडली. पिठलं माईंच्या परातीखाली सुखरूप राहिलं होतं, गिरजाबाईंचं ताकही सांडलं नव्हतं. वर कौलं खडखडत होती, वानर शेवटचा पेढा खात असावं. वर बघत घैसासने आवंढा गिळला.

“माई, येऊ का आता आत? भूक लागलीय.”

माईंच्या हातात वाढलेलं ताट होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

“कडी लागलीय ना?”

“लागलीय.”

“मग बस तिथेच. तुझं पान दाराशी मांडते.”