एकेरीतला जोडीदार

टेनिसच्या सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी स्पर्धकांची ओळख जिमखान्याचे अध्यक्ष रावसाहेब गुर्जर करून देत. मुख्यतः स्वतःचीच.

"याच कोर्टावर कोसळून वारलेला आमचा पाठारे अजून माझ्यामागे उभा असतो," या वर्षी ते हळूच म्हणाले. "माझा बाहेर जाणारा चेंडू तो आत ढकलतो."

वारा नसताना जाळी हलली. बाकीच्यांनी भराभर नावे मागे घेतली. उरली एकटी विमल ताटके; तिनेही नाव मागे घेतले, की करंडक न खेळताच रावसाहेबांचा.

"काय पोरी, घाबरलीस?" रावसाहेबांनी विचारले.

विमलच्या अंगावर काटा होताच. तरी ती पंचांना म्हणाली, "काका, स्पर्धा एकेरीची. यांच्या बाजूने दोघं खेळतात. यांना बाद करा."

"छे! मी एकटाच असतो!" रावसाहेब ओरडले. "पाठारे-बिठारे कोणी नाही!"

त्यांच्यामागून रागावलेली पावले वाजत फाटकापर्यंत गेली. माणूस मात्र दिसला नाही.