सगुणाकाकूंची माया

माणसं झाडांशी भरभरून बोलायची, पण त्यांचं ऐकायची मात्र नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाकाकूंनी बाजारातून गुलाब आणला आणि परसात, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, अळूच्या शेजारी लावला.

तिथं ऊन फिरकतही नसे. चार दिवसांत गुलाबाची पानं पिवळी पडली. "अगं बाई, तहानलंय वाटतं माझं बाळ!" म्हणत काकूंनी बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी दोन बादल्या ओतल्या. बादलीची कडी वाजली की गुलाबाच्या काळजात धस्स व्हायचं. खाली त्याची मुळं कुजू लागली होती.

"अळूदादा, माझ्याआधी इथं कोण होतं?" त्यानं भीत भीत विचारलं.

"शेवंती होती. तिच्याआधी झेंडू. सगळ्यांवर काकूंची फार माया," अळू डुलत म्हणाला. "भितोस कशाला? मी बघ कसा मजेत आहे!"

एके सकाळी काकू खुरपं घेऊन आल्या. गुलाबानं डोळे मिटले. पण "इथं करमत नाही वाटतं तुला," म्हणत काकूंनी त्याला अलगद उचललं आणि अंगणात, भर उन्हातल्या कोरड्या मातीत लावलं. महिन्याभरात त्याला कळी आली.

काकूंचा आनंद गगनात मावेना. "काय गुणाची जागा आहे ही!" असं म्हणत त्या परसात गेल्या आणि खुरपं घेऊन अळूपाशी बसल्या. "चल बाळा, तुलाही उन्हात नेते."

अळू जन्मात पहिल्यांदा थरथरला. अंगणातून गुलाब जिवाच्या आकांतानं ओरडला, "काकू, त्याला नको!"

काकूंना वाटलं, वारा सुटलाय.