बसमधून वाचलेली पाटी

एकदा एका तालुक्याच्या गावी पाट्या रंगवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. नाव तुळशीराम, पण सारे त्यांना अण्णा पेंटर म्हणत. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेले. पुढची अक्षरे ब्रशाने शिकले. दुकाने, पतसंस्था, पिठाच्या गिरण्या, त्या परिसरात त्यांचा हात फिरला नाही अशी भिंत शोधावी लागे. पुढे छापील फ्लेक्स आले आणि अण्णांकडे वर्षाकाठी चारदोन पाट्या उरल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. जे काम येई ते पूर्वीच्याच सावकाशीने करीत.

त्यांच्याकडे एके सकाळी अश्लेषा नावाची मुलगी आली. ती त्याच गावची, शहरात जाऊन अक्षररचना शिकलेली. मोबाईलच्या पडद्यासाठी तिने देवनागरी अक्षरांचा एक नवा फॉन्ट घडवला होता, आणि त्या कामात दोन वर्षे घातली होती. विद्यापीठात त्या सुमारास डिजिटल माध्यमे आणि सर्जनशील उद्योग यांच्या संशोधनासाठी नवे केंद्र उघडले होते. अक्षरांवर काम करणाऱ्यासाठी तिथे एकच जागा होती, तीन वर्षांची, शिष्यवृत्तीसह. अश्लेषाने प्रस्ताव पाठवला, आणि तो परत आला. केंद्राच्या प्रमुख बाईंनी समासात एवढेच लिहिले होते: ‘अक्षरे सुंदर आहेत. पण तुम्हाला शोधायचे काय आहे?’

सुधारलेला प्रस्ताव घेऊन मुलाखतीला जायचे होते. अकरा दिवस उरले होते. ही जागा गेली तर पुन्हा जाहिरात कंपनीत जाऊन सणासुदीच्या शुभेच्छांना फुलांच्या चौकटी लावत बसायचे, हे तिला पक्के ठाऊक होते.

“अण्णा, मला तुमची जुनी अक्षरं हवीत,” ती म्हणाली. “सगळ्या पाट्यांचे फोटो काढते. प्रस्तावाला जरा वजन येईल.”

“वजन हवं असेल तर तो रंगाचा डबा उचल,” अण्णा म्हणाले. “कुसळवाडी फाट्यावर जायचंय.”

फाट्यावर आरोग्य केंद्राची पाटी करायची होती. हमरस्त्यापासून केंद्र आत एक किलोमीटर, आणि वळण नेमके उताराला. पांढऱ्या रंगाचा हात आधीच मारून वाळवलेला होता. अण्णांनी खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारल्या, हात हलू नये म्हणून मनगटाखाली काठी धरली आणि काळ्या रंगात पहिले अक्षर उतरवले. अश्लेषा फोन रोखून उभी होती. अधूनमधून तीही हात लावी. शेवटच्या ओळीतला बाण तिनेच खडूने आखून दिला.

“अण्णा, माझ्या बाबांच्या दुकानाच्या पाटीला तुम्ही लाल सावली दिली होती,” ती म्हणाली. “प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे. तशी द्या ना इथं. व्हिडिओ फार छान येईल.”

अण्णांनी पाटीकडे पाहिले, मग लाल डब्याकडे.

“बऱ्याच वर्षांत कुणी मागितली नाही,” ते म्हणाले, आणि डब्याचे झाकण उघडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी तयार झाली. अक्षरे पाटीवरून उचलून घ्यावीत अशी उठून दिसत होती. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने गाडी थांबवून फोटो काढला. अश्लेषाला वाटले, माझ्या प्रस्तावात जे उणे होते ते हेच. एवढ्यात अण्णांनी ब्रश पुसले, टर्पेंटाईनची बाटली आणि दोन फडकी पिशवीत टाकली, रस्ता ओलांडला आणि समोरून येणाऱ्या बसला हात केला.

“अण्णा, घर या बाजूला नाही!”

“ठाऊक आहे गं. चढ लवकर.”

कंडक्टरने त्यांना ओळखले. “आली का पाटीची परीक्षा? अण्णा, तुम्हाला फुकट, ताईंना अर्धं.” मग तो अश्लेषाकडे वळून म्हणाला, “नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. दोन थांबे जातो, चहा पितो, आणि त्याच रस्त्यानं परत येतो. ना पाहुणा ना बाजार.”

“चहा चांगला असतो तिथला,” अण्णा म्हणाले.

खरोखरच दोन थांब्यांवर ते उतरले, चहा प्यायले आणि परतीच्या बसमध्ये बसले. अण्णांनी अश्लेषाला खिडकी दिली.

“आता डोळे मीट. मी म्हणेन तेव्हा उघड.”

बस उताराला लागली. “उघड,” अण्णा म्हणाले. अश्लेषाने डोळे उघडले. लाल, काळे, पांढरे असे काहीतरी डोळ्यांसमोरून सरकले आणि मागे गेले.

“काय वाचलंस?”

“प्राथमिक आरोग्य केंद्र.”

“ते तुला कालपासून पाठ आहे. पाठ असलेलं सोड. डोळ्यांनी काय वाचलंस?”

ती प्रामाणिकपणे म्हणाली, “काहीच नाही.”

“बाण?”

बाण तिनेच आखला होता, आणि तो तिला दिसलाही नव्हता.

फाटा ओलांडून थोडे पुढे बस थांबली. दोघे चालत मागे आले. अण्णांनी फडके टर्पेंटाईनमध्ये बुडवले आणि पहिल्या अक्षराची ओली लाल सावली एका हाताने पुसून टाकली.

“अण्णा!” अश्लेषाने त्यांचे मनगटच धरले. “वेड लागलंय का? दोन दिवसांचं काम आहे! आणि मी... मी हेच दाखवणार होते तिथं.”

अण्णांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांनी तिला स्वस्थ होऊ दिले, आणि मग सावकाश बोलले.

“हौस तुझी होती, आणि खोटं कशाला बोलू, माझीही होती. इतकी नेटकी सावली माझ्या हातून फार दिवसांनी पडली. पण याच रस्त्यावर मी तरुणपणी एका दवाखान्याची पाटी केली होती. अशीच नटवलेली. लोक थांबून बघायचे आणि मला बरं वाटायचं. एक बाई, नववा महिना लागलेला, बसनं आली आणि पुढच्या थांब्यावर उतरली. भर उन्हात तेवढं अंतर मागे चालत आली. सुखरूप सुटली, देवाची दया. मी भेटायला गेलो तर म्हणते कशी, ‘पाटी होती होय, दादा? मला नाही दिसली.’ रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी विसरलो असतो. तेव्हापासून मी पाटी शिडीवरून तपासत नाही. शिडीवरून सगळीच अक्षरं चांगली दिसतात. वाचणारा जिथं बसतो तिथं जाऊन बसतो. आणि तिथून मला जे वाचता येत नाही, तेवढं माझं पुढचं काम.”

अश्लेषाने मनगट सोडले. मग तिनेच दुसरे फडके घेतले आणि खालच्या ओळीची सावली पुसू लागली.

“तुझी अक्षरं कोण वाचणार?” अण्णांनी विचारले.

“मोबाईल वापरणारे.”

“म्हणजे कोण? कुठं उभं राहून?”

दोन वर्षे तिने एकेक अक्षर संगणकावर पडदाभर मोठे करून घासले होते, बंद खोलीत, चांगल्या उजेडात.

इतक्यात आतल्या रस्त्याने कौसल्याताई आल्या. त्या आशा सेविका. लसीकरणासाठी वाडीवाडीतून चालत जायचे त्यांचे काम. बसची वाट पाहत त्या झाडाच्या तोकड्या सावलीत उभ्या राहिल्या. फोन वाजला. आरोग्य केंद्रातून बाळांची यादी आली होती, कुणाला कोणता डोस कोणत्या तारखेला. कौसल्याताईंनी उन्हाकडे पाठ केली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, फोन त्याच्या आत धरला आणि मान खाली घालून वाचू लागल्या. बाहेरून नुसता पदर दिसत होता.

अश्लेषा हातातले फडके तसेच धरून पाहत राहिली.

“ताई, नेहमी असंच वाचता?”

“मग काय करू? उन्हात काही दिसत नाही. उजेड वाढवला तर दुपारपर्यंत बॅटरी संपते.”

अश्लेषाने तशाच चार ओळी आपल्या फॉन्टमध्ये लिहिल्या, त्यांचे चित्र करून कौसल्याताईंच्या फोनवर पाठवले आणि मोठ्या आशेने विचारले, “हे वाचून बघता?”

पदर दोनदा हलला; आत त्या फोन जवळ-लांब करून बघत होत्या.

“लग्नपत्रिकेला फार शोभेल हो,” कौसल्याताई आतूनच म्हणाल्या. “पण मला इथं थांबावं लागतंय प्रत्येक शब्दाला. आणि आकड्यात थांबून कसं चालेल? बाळाचा डोस असतो तो.”

अण्णा पाटीकडे तोंड करून सावली पुसत होते. त्यांच्या पाठीवरूनही कळत होते की ते हसत आहेत.

अश्लेषाचा चेहरा उतरला. पण काल ज्या मुलीने फोन रोखला होता ती आता पुढे झाली आणि म्हणाली, “ताई, पदरात मला घेता का जरा? मलाही तिथूनच बघू दे.”

“ये की. पण माझ्या पायावर पाय देऊ नको.”

फाट्यावर, भर उन्हात, दोघी एका पदराखाली उभ्या राहिल्या. संगणकावर ज्या बारीक रेषांचा अश्लेषाला अभिमान होता त्या तिथे नाहीशा झाल्या होत्या. मात्रा शिरोरेषेत बुडाल्या होत्या. काय दिसत नाही हे तिला प्रथमच दिसले. बस आली तेव्हा कौसल्याताई चढल्या, आणि त्यांच्यामागे वही घेऊन अश्लेषाही चढली.

पुढचे आठ दिवस ती कौसल्याताईंबरोबर वाड्यांवरून फिरली. बांधावर, गाडीच्या मागच्या सीटवर, बाळ कडेवर घेतलेल्या आईच्या शेजारी उभे राहून तिने लोकांना वाचताना पाहिले. सुंदर अक्षर कोणते, हे तिने एकालाही विचारले नाही.

मुलाखतीला पाच जण बसले होते. कडेच्या एका वयस्क प्राध्यापकांनी सुरुवात केली. “हं, तुमच्या फॉन्टबद्दल सांगा.”

“तो मी सध्या बाजूला ठेवलाय, सर.”

“मग आणलंय काय?”

तिने एक कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होते: भर उन्हात, मंद उजेडाच्या पडद्यावर, घाईतल्या माणसाला मराठी अक्षर आणि आकडा ओळखायला किती वेळ लागतो, आणि अक्षराच्या घडणीत काय बदलले तर तो वेळ कमी होतो?

सरांनी दोनदा वाचले. “आणि याचं उत्तर?”

“उत्तर असतं तर तीन वर्षं कशाला मागितली असती, सर?”

कुणीतरी हसले. प्रमुख बाई मात्र तिच्याकडे बघत होत्या. “हे तुम्हाला कुठं सुचलं?”

“बसमध्ये. म्हणजे अर्धं बसमध्ये आणि अर्धं एका ताईंच्या पदराखाली. मोजायला मला तुमची प्रयोगशाळा लागेल, बाई. पण माणसं मी फाट्यावरची घेईन.”

बाईंनी जुना प्रस्ताव काढला, समासातली आपली ओळ पाहिली आणि तिच्यावर शांतपणे रेघ मारली.

आठवड्याभराने जागा मिळाल्याचे पत्र घेऊन अश्लेषा गावी निघाली. कंडक्टर तोच होता. तिच्या पुढच्या बाकावर एक तरुण जोडपे बसले होते, बाहेरगावचे असावे. बाईच्या मांडीवरचे मूल तापाने मलूल झाले होते. बस उताराला लागली. अश्लेषा पाटी पाहायला खिडकीकडे सरकते आहे तोच पुढचा तरुण ताडकन उठला आणि ओरडला, “मास्तर, थांबवा! डावीकडेच आहे.”

बस वळणाच्या अलीकडे थांबली. ती दोघे मुलाला घेऊन उतरली आणि मागे न पाहता बाणाच्या दिशेने चालू लागली. अश्लेषाही उतरली. पाटीवर आता एक मोठा बाण होता आणि सुटी सुटी काळी अक्षरे. फोटो काढावा असे त्यात काही नव्हते.

रस्त्यापलीकडे, झाडाखाली, अण्णा शाळेसाठी एक फळा रंगवत बसले होते.

“जागा मिळाली, अण्णा.”

“मिळणारच होती.” त्यांनी वर पाहिले. “पाटी कशी दिसली बसमधून?”

“मी बघायच्या आत एकानं बस थांबवली.”

अण्णांनी त्या जोडप्याच्या पाठमोऱ्या आकृतींकडे क्षणभर पाहिले.

“म्हणजे आता पुरी झाली,” ते म्हणाले, आणि काळ्या रंगाच्या डब्यावर झाकण दाबून बसवले.